दूरस्थ हौशी चित्रमंडळ : साप्ताहिक चित्र, त्याचे छायाचित्र आणि सोबतची नोंद
(मुळशी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत 'हौशी' हे विशेषण कमीपणाचे मानले जात नाही. हौशी नाट्यसंस्था, हौशी गायक, हौशी गिर्यारोहक ही संबोधने आदराने वापरली जातात. राज्य शासनाची नाट्यस्पर्धासुद्धा हौशी संस्थांसाठी भरते. चित्रकलेच्या क्षेत्रात मात्र हौशी व्यक्ती बरीचशी एकाकी असते. नाटकाला माणसे जमवावीच लागतात. चित्र एकट्याने काढता येते आणि एकट्यानेच सोडूनही देता येते. शालेय वयात शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा रीतसर सराव केलेल्या कितीतरी व्यक्ती पुढे शिक्षक, अभियंते, परिचारिका, बँक कर्मचारी किंवा शेतकरी होतात. रंगपेटी कपाटात जाते ती बहुधा मुलांच्या शाळेसाठीच बाहेर येते. कौशल्य संपल्यामुळे असे घडत नाही. काढलेले चित्र पाहणारे कोणी नसते, हे त्याचे अधिक खरे कारण होय.

या एकाकीपणावरचा एक उपाय गेल्या दोन दशकांत रूढ झाला आहे. मंडळातील प्रत्येक सभासदाने आपापल्या ठिकाणी राहून आठवड्याला एक चित्र काढावयाचे, ठरलेल्या वारी त्याचे छायाचित्र इतरांकडे पाठवावयाचे आणि इतरांनी त्यावर प्रतिसाद द्यावयाचा, असे त्याचे साधे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या प्रकाराची पूर्वपीठिका, त्याची अंतर्गत घडण आणि त्यातील उणिवा यांचे विवेचन केले आहे. अंतरामुळे चित्रातून जे गळून जाते ते शब्दांनी भरून काढावे लागते, आणि हे शब्द जपले गेले तर हौसेच्या चित्रांना परिसराच्या दस्तऐवजाचे मोल येऊ शकते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका निवडण्यामागे कारण आहे. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान, मध्यभागी पिरंगुटचे कारखाने आणि पौड हे तालुक्याचे ठिकाण, तर पश्चिमेस मुळशी जलाशय, ताम्हिणी घाट आणि सह्याद्रीची कड आहे. एकाच तालुक्यात संगणकासमोर बसणारा अभियंता आणि भातखाचरात उभा असलेला शेतकरी राहतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील गावांतून दर रविवारी पौडला किंवा पुण्याला येणे ही सोपी गोष्ट नव्हे. प्रत्यक्ष एकत्र बसणारे मंडळ येथे चालणे कठीण आहे. दूरस्थ मंडळ चालण्यास मात्र नेमकी हीच परिस्थिती अनुकूल ठरते.

पूर्वपीठिका

चित्रे फिरवून पाहण्याची कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत आणि वाड्यांतील मित्रमंडळांत हस्तलिखिताची प्रथा दीर्घकाळ होती. एकच प्रत सुवाच्य अक्षरात लिहावयाची, तिच्यात मूळ चित्रे चिकटवावयाची आणि ती घरोघरी फिरवावयाची. अखेरच्या कोऱ्या पानांवर वाचकांनी अभिप्राय लिहावेत अशी अपेक्षा असे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी छायाचित्रकारांची टपाल मंडळे याच तत्त्वावर चालत. छायाचित्रांचा संच सभासदाकडून सभासदाकडे जाई आणि त्यासोबत शेऱ्यांची वही फिरत असे. अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेल्या 'फेमस आर्टिस्ट्स स्कूल'ने टपालाने चित्रे मागवून, दुरुस्त करून परत पाठवण्याचा व्यवसायच उभारला. नॉर्मन रॉकवेलसारख्या नामवंताचे नाव त्याच्याशी जोडलेले होते. त्याच देशातील रे जॉन्सन याने १९६०च्या दशकात टपालातून कलाकृती पाठवून, घेणाऱ्याने त्यात भर घालून ती पुढे धाडावी असा परिपाठ पाडला. त्यातून पुढे टपाल-कला म्हणून ओळखली जाणारी चळवळ वाढली.

नव्या शतकात टपालाची जागा इंटरनेटने घेतली. २००४ मध्ये एन्रिको कासारोसा या चित्रपट-चित्रकाराने एका ठरलेल्या दिवशी जगभरच्या मंडळींनी आपापल्या गावात दिवसभर रेखाटने करावीत आणि नंतर ती एकमेकांना दाखवावीत असा उपक्रम सुरू केला. स्पेनमध्ये जन्मलेला आणि सिॲटल येथील वृत्तपत्रात काम करणारा गॅब्रिएल कंपनारियो याने २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' या मंडळाची सुरुवात केली. २००९ मध्ये त्याला ना-नफा संस्थेचे रूप आले आणि पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन २०१० मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरले. मुंबई व पुणे येथेही या चळवळीचे स्थानिक गट आहेत. या मंडळाच्या जाहीरनाम्यातील काही कलमे येथे महत्त्वाची ठरतात. चित्र प्रत्यक्ष जागेवर, पाहून काढावे. ते काळाची आणि स्थळाची नोंद ठरावे. जे दिसते त्याच्याशी ते प्रामाणिक असावे. साधन कोणतेही चालेल. आणि चित्रे इतरांना दाखवावीत. चांगले चित्र काढावे असे कलम त्यात नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत अशा मंडळांना अवघड प्रश्न पडला. जागेवर जाऊन काढावयाचे, पण घराबाहेर पडावयाचे नाही. तेव्हा जगभरच्या सभासदांनी खिडकीतून दिसणारी गल्ली, ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे काढले. 'जागा' या शब्दाचा अर्थ त्यामुळे व्यापक झाला. दूरस्थ पद्धती ही भेटीची केवळ पर्यायी व्यवस्था नसून तिला स्वतःचे स्थान आहे, हेही या काळात अनेकांना उमगले.

आठवड्याची मुदत

रोज एक चित्र काढण्याचे व्रतही लोकप्रिय आहे. अमेरिकन चित्रकार ड्वेन कायझर याने २००४ च्या अखेरीस रोज एक लहान तैलचित्र पूर्ण करून इंटरनेटवर मांडण्यास सुरुवात केली आणि त्याचे अनुकरण पुष्कळ झाले. परंतु नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याला रोजचा नेम पंधरा दिवसांत जड जातो. महिन्याची मुदत दिली तर काम अखेरच्या रात्री होते किंवा होतच नाही. आठवडा हा मधला काळ आपल्या जगण्याशी जुळणारा आहे. आठवडेबाजार, आठवड्याचा पगार, आठवड्याची सुटी यांनी तो आधीच आखलेला असतो.

मुदतीचे कार्य भिशीसारखे असते. भिशीत भरलेली रक्कम एकट्यानेही साठवता आली असती; तरीही लोक भिशी लावतात, कारण ठरलेल्या दिवशी इतर जण वाट पाहत असतात. दूरस्थ मंडळात चित्र येण्याची अशीच वाट पाहिली जाते. मात्र भिशी चुकवणाऱ्यास जी शरम वाटते ती चित्राच्या बाबतीत घातक ठरते. दोन आठवडे चित्र न पाठवणारा सभासद तिसऱ्या आठवड्यात अधिक चांगले चित्र पाठवून भरपाई करू पाहतो, ते जमत नाही, आणि तो हळूहळू निव्वळ प्रेक्षक बनतो. म्हणून अपूर्ण चित्र, पाच मिनिटांचे पेन्सिल रेखाटन किंवा फसलेला जलरंग पाठवण्याची स्पष्ट मुभा हा अशा मंडळाचा सर्वांत मोलाचा नियम मानावा लागतो. मुळशीत भातलावणीच्या दिवसांत शेतकरी सभासदाला रविवार नसतो. त्या काळात बांधावर बसून बॉलपेनने काढलेल्या चार रेघा इतरांच्या सावकाश रंगवलेल्या चित्रांच्या बरोबरीने स्वीकारल्या गेल्या, तरच तो दिवाळीनंतरही मंडळात असतो.

छायाचित्रात काय हरवते

दूरस्थ मंडळात कोणीही कोणाचे चित्र पाहत नाही; सर्व जण चित्राचे छायाचित्र पाहतात. या साध्या गोष्टीचे परिणाम दूरगामी आहेत.

भ्रमणध्वनीचा कॅमेरा प्रकाश मोजताना समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या कागदावरील फिकट जलरंगाचे छायाचित्र घेतले की कागद मळकट करडा दिसतो आणि सभासदाला आपलेच चित्र निस्तेज वाटू लागते. प्रकाशाचे प्रमाण हाताने थोडे वाढवले की हा दोष बराचसा जातो. याच्या उलट दोष अधिक फसवा आहे. अनेक यंत्रे छायाचित्र आपोआप 'सुधारतात', म्हणजे गडद भाग अधिक गडद आणि रंग अधिक भडक करतात. अशा वेळी मूळ चित्रापेक्षा छायाचित्र देखणे होते, त्याचे कौतुक होते, आणि काढणाऱ्याला कोणत्या गोष्टीचे कौतुक झाले हे कळत नाही.

प्रकाशाचा रंग हाही असाच प्रश्न आहे. पिवळ्या दिव्याखाली घेतलेल्या छायाचित्रात निळे आभाळ हिरवट होते, तर सावलीतील उजेडात सारे चित्र निळसर होते. पडवीत किंवा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या दिवसाच्या प्रकाशात, कागद सपाट ठेवून आणि यंत्र त्याला समांतर धरून घेतलेले छायाचित्र सर्वांत विश्वासार्ह असते. यंत्र तिरके झाले की आयताचा समलंब चौकोन होतो आणि घराच्या भिंती विनाकारण कलतात. संदेशसेवा छायाचित्राचा आकार कमी करून पाठवतात. तेच चित्र दस्तऐवज म्हणून जोडले तर त्यातील तपशील टिकतो.

काही गोष्टी मात्र कोणत्याही उपायाने पोहोचत नाहीत. पोस्टकार्डाएवढे चित्र आणि पूर्ण तावाचे चित्र पडद्यावर सारख्याच आकाराचे दिसते. शेजारी पेन्सिल किंवा नाणे ठेवले तर निदान अंदाज येतो. खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसलेले अल्ट्रामरीन निळ्याचे कण, ओल्या रंगाने सुकताना काठावर सोडलेली रेघ, एका थराखालून जाणवणारा दुसरा थर यांसाठी कागद हातात घेऊन उजेडाला तिरका धरावा लागतो.

प्रतिकृतीने मूळ चित्राची जागा घ्यावी हा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे, म्हणजे मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात गेला. तेथील शिळाछापाच्या चित्रांनी देवादिकांची रूपे घरोघरी पोहोचवली. ज्यांनी ही चित्रे भिंतीवर लावली त्यांपैकी फारच थोड्यांनी मूळ तैलचित्र पाहिले असेल. लोकांच्या मनातील रविवर्मा हे बव्हंशी छापील रविवर्मा आहेत. फरक एवढाच की छापखान्यात कुशल कारागीर रंगागणिक वेगळी शिळा तयार करून मूळ चित्राचा अर्थ लावत असत. भ्रमणध्वनी हे काम क्षणात आणि कोणताही विचार न करता करतो.

यातून एक सूक्ष्म संकट उद्भवते. सभासद नकळत छायाचित्रात चांगले दिसेल असे चित्र काढू लागतो. ठळक आकार, तीव्र उजेड-सावली आणि झगझगीत रंग तळहाताएवढ्या पडद्यावर उठून दिसतात; हलक्या छटा विरून जातात. मुळशीच्या पावसाळ्याचा तर सारा प्रपंचच हलक्या छटांचा आहे. ढगात अर्धवट गेलेली डोंगररांग, पाण्याच्या आणि आभाळाच्या एकाच करड्या रंगातून जेमतेम वेगळा काढता येणारा पलीकडचा काठ, पावसाच्या पडद्यामागचे भातखाचर ही दृश्ये प्रामाणिकपणे रंगवली तर पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. सूर्यास्त मात्र दर वेळी दाद घेऊन जातो. वर्षातून एक-दोनदा एखाद्या शाळेच्या वर्गात मूळ चित्रे टेबलावर मांडून पाहण्याची बैठक यासाठीच आवश्यक ठरते. अशा बैठकीत ज्याच्याकडे वर्षभर दुर्लक्ष झाले होते असे चित्र अचानक सर्वांना थांबवते, हे तिचे खरे प्रयोजन आहे.

प्रतिसादाचा प्रश्न

चित्र येताच अंगठ्याचे चिन्ह, टाळ्यांचे चिन्ह आणि 'सुंदर' हा शब्द यांची रांग लागते. यात सद्भाव असतो, पण माहिती नसते. या संदर्भात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे, कारण तो चित्र काढण्यावरच आधारलेला होता. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या बालकांचे गट करण्यात आले. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला ते अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात निरीक्षण केले असता, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेल्या बालकांनी चित्रकलेसाठी दिलेला वेळ इतर गटांच्या सुमारे निम्माच भरला.

बालवाडीतील निष्कर्ष प्रौढांच्या मंडळास जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. डेसी, कोस्टनर व रायन यांनी १९९९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसे आवडीला मारक ठरतात, परंतु शाब्दिक अनुकूल प्रतिसादाने महाविद्यालयीन वयाच्या व्यक्तींची आवड वाढते, असे त्यात दिसून आले. दूरस्थ मंडळातील अंगठ्याचे चिन्ह या दोहोंपैकी कोठे बसते? ते मोजता येते, त्याची अपेक्षा धरता येते आणि त्यात शब्द नसतो. म्हणजे शाब्दिक प्रतिसादापेक्षा ते सोनेरी ताऱ्याच्याच अधिक जवळ जाते, असे म्हणावेसे वाटते. 'डावीकडच्या झाडाची सावली जमिनीवर नीट पडली आहे, घराची मात्र पडलेली नाही' एवढे एकच वाक्य वीस चिन्हांपेक्षा उपयुक्त असते. असे वाक्य लिहिण्यासाठी चित्र काही क्षण पाहावे लागते, आणि आपले चित्र कोणी पाहिले ही जाणीवच सभासदाला हवी असते.

मराठी माणसांच्या मंडळात यात आणखी एक अडचण येते. वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीच्या चित्राविषयी बोलताना संकोच वाटतो. निवृत्त कलाशिक्षक 'सर' असतात ते निवृत्तीनंतरही 'सर'च राहतात. त्यांच्या चित्रावर कोणी शब्द काढत नाही आणि त्यांनी इतरांच्या चित्रावर काढलेला शब्द अखेरचा ठरतो. अशा सभासदाने आपल्या चित्रातील न जमलेला भाग स्वतःच दाखवून दिला, तर मंडळातील संभाषणाची रीत बदलते. हे नियमाने साधत नाही, उदाहरणानेच साधते.

मुळशीचे रूप आणि चित्रासोबतची नोंद

महाराष्ट्रातील बहुतेक मुलांचे पहिले निसर्गचित्र एकसारखे असते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर कौलारू घर आणि आभाळात इंग्रजी 'व्ही'सारखे पक्षी. सह्याद्रीचे डोंगर असे नाहीत. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टच्या या पर्वताचे माथे बव्हंशी सपाट, कडे उभे आणि उतारावर पायऱ्या असतात. घनगडाच्या परिसरातील तैलबैलाच्या जोडभिंती तर त्रिकोणाच्या कल्पनेला सरळ छेद देतात. तरीही प्रौढ सभासदाचा हात सवयीने त्रिकोणच काढतो. पाहून काढण्याचे महत्त्व येथे कळते. पंधरा-वीस आठवडे त्याच डोंगराकडे पाहिल्यावर त्याचा माथा आडवा आहे हे हाताला पटते. वेगवेगळ्या गावांतील सभासदांनी एकच डोंगर वेगवेगळ्या दिशांनी काढून पाठवला, तर त्याचे रूप एकट्या चित्रकाराला दिसते त्याहून पूर्ण होते. दूरस्थ मंडळाचा हा फायदा एकत्र बसणाऱ्या मंडळाला मिळत नाही.

मुळशीच्या बाबतीत या पाहण्याला आणखी एक बाजू आहे. सध्याचा जलाशय हा निसर्गाने दिलेला देखावा नव्हे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधले गेले, त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला आणि तो मोडून काढल्यावर खोऱ्यातील गावे व भातजमिनी पाण्याखाली गेल्या. आज जो निळा विस्तार हौशी चित्रकाराला आकर्षित करतो त्याच्या तळाशी घरे आणि बांध आहेत. त्या काळी खोऱ्यातील एखाद्या शाळामास्तराने दर आठवड्याला एक रेखाटन करून खाली गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवली असती, तर ती वही आज कोणत्याही अहवालापेक्षा कमी मोलाची ठरली नसती. बदल अर्थातच तेथे थांबलेला नाही. हिंजवडी व माण येथील शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, दासवे येथे लवासाची वसाहत डोंगरउतारावर चढली, लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठांची संकुले उभी राहिली. आता दर आठवड्याला निघणाऱ्या चित्रांत हे सारे येतच असते, बहुधा चित्रकाराच्या इच्छेविरुद्ध. क्रेन किंवा विजेचा मनोरा चित्रातून गाळावा, असा मोह हौशी चित्रकाराला नेहमी होतो. तो न गाळणे हेच त्याच्या चित्राचे पुढच्या काळातील मोल होय.

परंतु तारीख आणि ठिकाण नसेल तर हे मोल जवळजवळ नाहीसे होते. संदेशसमूहातील चित्रे काही महिन्यांत खाली ढकलली जातात, भ्रमणध्वनी बदलताना पुसली जातात आणि उरलेल्यांचे 'डोंगर व पाणी' याखेरीज काही वर्णन करता येत नाही. प्रत्येक चित्रासोबत दोन-तीन ओळी पाठवण्याची रीत म्हणून सुरुवातीपासून असावी : गाव आणि नेमकी जागा, तारीख व वेळ, तोंड कोणत्या दिशेला होते, कागदाचे माप आणि माध्यम, आणि छायाचित्रात न आलेली एखादी गोष्ट. 'कडा प्रत्यक्षात यापेक्षा फिका', 'समोर खोदकाम चालू, आवाजामुळे लवकर उठावे लागले', 'गेल्या वर्षी येथे करंजाचे झाड होते' अशा ओळी प्रतिसाद देणाऱ्यालाही धरून बोलण्यास काहीतरी देतात. 'सुंदर' या शब्दाची वारंवारता त्याने आपोआप घटते.

या नोंदी कोणी आणि कोठे ठेवावयाच्या हा प्रश्न शेवटी राहतोच. सभासदांपैकी एकाने महिन्यातून एकदा चित्रे व ओळी उतरवून घ्याव्यात, फायलीच्या नावातच तारीख व गाव लिहावे आणि वर्षअखेरीस एक प्रत तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. भूगोल, मराठी आणि इतिहास विभागांतील प्राध्यापकांना ती विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी वापरता येईल. ग्रंथालयाने ती स्वीकारताना चित्रकाराची लेखी संमती घ्यावी, आणि मूळ कागद कोणाकडे आहे याचीही नोंद करावी, कारण पडद्यावर न आलेली करडी छटा पाहण्यासाठी एखाद्या अभ्यासकाला अखेर त्या कागदापर्यंतच जावे लागणार आहे.